पंखा थांबला म्हणजे इंजिन गेलं?

2017 मध्ये उडान योजनेत नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं, ते एटीआर 72. लोकांच्या भाषेत पंख्याचं विमान. त्याच्याबद्दल एकच ठाम समज सगळीकडे ऐकू येतो: पंखा फिरतोय तोवर इंजिन चालू, थांबला की इंजिन गेलं. दोन्ही चूक आहे.

इंजिन बंद पडणं कुणाला समजावून सांगायला नको. ताकद गेली, विषय संपला. घोळ होतो तो फेदरचा.

बीड-धाराशिवच्या माळावरची पवनचक्की वादळात बघा. पाती काठावर वळवून ती वाऱ्याला वाट देते आणि उभी राहते. हेच फेदर. पाती वळवली नाहीत तर वारा तिला गरागरा फिरवणार. उड्डाणानंतर लगेच दोनपैकी एक इंजिन मेलं तर विमानाचा पंखाही असाच वाऱ्यावर फिरतो, आणि जवळजवळ चार मीटर व्यासाचं ताट वाऱ्यात आडवं धरावं तसा विमानाला मागे ओढतो. वेग कमी, उंची कमी, त्यात नाक मेलेल्या बाजूला वळू लागतं. मेलेल्या इंजिनाचा जोरात फिरणारा पंखा घातक असतो. थांबल्यासारखा दिसणारा बरा. ‘पंखा हवेत थांबला, प्रवासी थोडक्यात बचावले’ असे मथळे म्हणूनच चीड आणतात. बचावले ते पंखा थांबल्यामुळेच!

एटीआर 72-600 या प्रकारात उड्डाणावेळी एका इंजिनाचा टॉर्क (पंखा फिरवणारा जोर) सुमारे 18 टक्क्यांखाली गेला की यंत्रणा चांगल्या इंजिनाची ताकद 2,475 वरून 2,750 अश्वशक्तीवर नेते आणि दोनेक सेकंदांत मेलेल्या बाजूचा पंखा फेदर करते.

पण फेदर झालेल्या पंख्यामागचं इंजिन चालूही असू शकतं, कारण पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिनात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला जोडलेलं नसतं. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशिया या विमान कंपनीच्या 72-600 चा उजवा पंखा सदोष संकेतामुळे फेदर झाला. उजवं इंजिन चालूच होतं. वैमानिकाने बंद केलं ते डावं, धडधाकट. 58 पैकी 43 जण गेले.

मग वैमानिकाने करायचं काय? आधी रडरने (पायांनी चालवायचं शेपटीचं सुकाणू) नाक सरळ, मग चाकं वर. नाक सरळ ठेवताना जो पाय रिकामा, ती बाजू मेलेली. पण पाय फक्त बाजू सांगतो. टॉर्क दोन्ही प्रकारांत घसरतो, म्हणून एनएच (कॉम्प्रेसरच्या फेऱ्यांचा वेग) आणि आयटीटी (टर्बाइनजवळचं तापमान) बघायचे: तेही कोसळले तर इंजिन गेलं, जागच्या जागी असतील तर नुसता पंखा फेदर झालाय. दुसऱ्या वैमानिकाने ‘डावं’ की ‘उजवं’ हे मोठ्याने म्हणून दुजोरा दिल्याशिवाय इंजिन बंद करायच्या लिव्हरला हात लावायचा नाही.