तारण कुणाचं? अमेरिकेतल्या श्वेतेतर उद्योजकांमागचा दानाचा पैसा

धंद्यासाठी कर्ज मागायला गेलं की बँक आधी तारण विचारते. अमेरिकेत छोट्या व्यावसायिकाकडे तारण ठेवण्याजोगं असतं ते बहुधा राहतं घर, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हाती नेमकं तेच लागू दिलं गेलं नाही. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहराशहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवून कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या. सरकारी हमीची गृहकर्जंही या वस्त्यांपासून लांबच राहिली. घर नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून धंदा नाही, आणि धंदा नाही म्हणून पुढच्या पिढीच्या हाती पुन्हा रिकामी पाटी. दानशूर संस्थांनी श्वेतेतर उद्योजकांना वेगळं भांडवल का द्यावं, या वादाचं मूळ इथे आहे.

बँकांबद्दलचा अविश्वास मात्र याहूनही जुना. ३ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या कायद्यावर सही केली. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांनी, सैनिकांनी, शेतमजुरांनी, धुणं धुणाऱ्या बायकांनी पै-पैसा आणून या बँकेत ठेवला. बँक काढणारे गोरे धर्मगुरू आणि परोपकारी व्यापारी होते, त्यांचा हेतू चांगला होता. पण १८७० मध्ये कायदा सैल करून कर्जवाटपाची मुभा दिली गेली आणि अर्थसमितीचे प्रमुख हेन्री कुक यांनी स्वतःचे हितसंबंध असलेल्या दगडखाणीच्या कंपनीपर्यंत पैसा पोहोचवला. ठेवी काळ्या कष्टकऱ्यांच्या, कर्जं गोऱ्या धनिकांना. १८७३च्या मंदीने उरलंसुरलं पोखरलं. मार्च १८७४ मध्ये स्वतः गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करण्यात आलं. त्यांनी पदरचे १०,००० डॉलर बँकेत घातले, तरीही जून उजाडेपर्यंत दारं बंद झाली. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले आणि अनेकांना त्यातलं काहीच परत मिळालं नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीतही बँकेवर भरवसा बसत नसेल, तर त्याबद्दल त्यांना नावं ठेवू नयेत.

पुढच्या काळात बड्या दानशूरांचा ओघ शिक्षणाकडे राहिला. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०३ मध्ये टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेला ६ लाख डॉलर दिले. सीअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीने दक्षिणेत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. हे काम थोरच होतं. पण शिकून बाहेर पडलेल्याने दुकान टाकायचं म्हटलं, तर त्याच्यामागे उभं कोण राहणार? ते काम समाजाने स्वतःच केलं. १९०३ मध्येच व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक सुरू केली. त्यांची आई पूर्वी गुलाम होती आणि पुढे लोकांचे कपडे धुऊन घर चालवत होती. अमेरिकेत बँक स्थापन करणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

या परंपरेतला मला सर्वात मोलाचा वाटणारा प्रयोग फिलाडेल्फियाचा. १९६२ मध्ये झायन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू लिऑन सलिव्हन यांनी आपल्या मंडळींना आवाहन केलं: महिन्याला १० डॉलर, ३६ महिने. आपल्याकडच्या भिशीसारखीच ही शिस्त, फक्त इथे कुणाचा नंबर लागणार नव्हता. पहिल्या १६ महिन्यांचे १६० डॉलर धर्मादाय न्यासात जात, उरलेल्या २० महिन्यांचे २०० डॉलर नफा कमावणाऱ्या उद्योगात गुंतवले जात. म्हणजे एकाच माणसाच्या ३६० डॉलरांत दान आणि भागभांडवल दोन्ही. पन्नास जण मिळावेत अशी अपेक्षा होती, पुढे आले दोनशेहून अधिक. १९६८ मध्ये नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर याच पैशाच्या बळावर प्रोग्रेस प्लाझा हे कृष्णवर्णीयांच्या मालकीचं व्यापारी संकुल उभं राहिलं. बँकेशी बोलणी करायला बसताना सलिव्हन यांच्यामागे शेकडो हप्तेदार होते, आणि तेच त्यांचं तारण.

त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने आपली रीत बदलली. तोवर धर्मादाय संस्था म्हणजे अनुदान, दिलं की संपलं. फोर्डने सामाजिक कामासाठी कमी व्याजाची कर्जं, हमी आणि भागभांडवल देण्याचं ठरवलं. १९६९च्या करकायद्याने अशा गुंतवणुकीला मान्यता दिली आणि ती संस्थेच्या सक्तीच्या वार्षिक दानखर्चात धरली जाऊ लागली. पैसा परत आला की तो पुन्हा दुसऱ्या उद्योजकाकडे जातो, आणि बुडाला तर पहिला फटका संस्था सोसते, त्यामुळे बँकही पुढे यायला धजते. माझ्या मते दानाच्या पैशाचं खरं काम हेच आहे. मात्र अमेरिकी फाउंडेशनला वर्षाला साधारण ५ टक्केच खर्च करावे लागतात, बाकीची ठेव शेअर बाजारात वाढत राहते. त्या मोठ्या वाट्यातून या उद्योजकांपर्यंत किती पोहोचतं, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. फोर्डने मूळ ठेवीतले १०० कोटी डॉलरपर्यंत सामाजिक गुंतवणुकीत घालायचं जाहीर केलं ते २०१७ मध्ये.

याच फोर्डच्या हमीचा आधार बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेला सुरुवातीच्या काळात मिळाला होता. तिथे तावूनसुलाखून निघालेली विनातारण गटकर्जाची पद्धत २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये आली, स्थलांतरित बायकांसाठी.

डेट्रॉइटने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा शहरात दहातले जवळपास आठ जण कृष्णवर्णीय होते. २०१५ मध्ये केलॉग फाउंडेशन, जेपी मॉर्गन चेस आणि डेट्रॉइट डेव्हलपमेंट फंड यांनी ६५ लाख डॉलरचा 'आंत्रप्रनर्स ऑफ कलर फंड' उभा केला. कॉर्नफ्लेक्सच्या कमाईतून उभी राहिलेली संस्था आणि देशातली सर्वात मोठी बँक एकत्र आली, ती बँकेच्या नेहमीच्या चाळणीतून गळणाऱ्यांसाठी. कर्जाच्या जोडीला हिशेब लिहिण्यापासूनचं मार्गदर्शनही होतं. २०१७ मध्ये निधी १ कोटी ८० लाखांवर गेला, मग साउथ ब्राँक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोतही असे निधी सुरू झाले. शहरांच्या गरजेपुढे या रकमा लहान आहेत, आणि हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि त्यानंतर मदतीच्या आश्वासनांचा पूर आला. तीन वर्षांत वारं फिरलं. अटलांटाच्या फिअरलेस फंडशी जोडलेली संस्था कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांना २०,००० डॉलरचं अनुदान देत असे. त्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये खटला भरला गेला तो १८६६च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे. गुलामीतून सुटलेल्यांना करार करण्याचा गोऱ्यांइतकाच हक्क मिळावा म्हणून झालेला हा कायदा. अनुदान हाही करारच, आणि तो वंश पाहून करता येणार नाही, असा दावा होता. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी योजनेला मनाई केली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. ज्यांच्यासाठी कायदा आला, त्यांच्याच वाट्याची मदत त्याच कायद्याने थांबावी, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

सरकारी बाजूलाही तेच घडत होतं. निक्सन यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेलं अल्पसंख्याक उद्योग कार्यालय पुढे एमबीडीए, म्हणजे अल्पसंख्याक उद्योग विकास संस्था, झालं. वंशावरून कुणालाही वंचित गृहीत धरू नका, असं मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने त्याला बजावलं. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हे कार्यालय कायद्याने शक्य तितकं आटोपतं घेण्याचा आदेश काढला. त्याच आदेशाच्या यादीत सीडीएफआय फंडही होता, म्हणजे वस्त्यावस्त्यांत कर्ज देणाऱ्या छोट्या वित्तसंस्थांना १९९४ पासून भांडवल पुरवणारा सरकारी निधी.