स्प्लिट वातानुकूलन यंत्राची घरगुती जोडणी

खोलीतील बाष्पक (हवा थंड करणारा भाग) आणि घराबाहेरील संपीडक (कॉम्प्रेसर) व संघनक (कंडेन्सर) हे स्प्लिट वातानुकूलन यंत्राचे भाग तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडून शीतकाचा, म्हणजे थंडावा देणाऱ्या गॅसचा, परिपथ हवाबंद करणे, हे या जोडणीचे मुख्य काम होय. खिडकीत बसवायचे यंत्र कारखान्यातूनच हवाबंद होऊन येते. स्प्लिट यंत्राचा परिपथ मात्र घरातच पूर्ण होतो. म्हणून यंत्राचे आयुष्य बऱ्याच अंशी जोडणाऱ्याच्या हाती असते.

आतल्या भागाची पट्टी पाणसळीने समतल करून भिंतीवर ठोकतात आणि नळ्यांसाठी सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाचे भोक बाहेरच्या बाजूस किंचित उतरते पाडतात. निचऱ्याची नळी वाटेत कोठेही वर चढता कामा नये, अन्यथा पाणी खोलीत गळते. एवढे काम कोणाही नेटक्या हाताला जमते.

खरे कौशल्य फ्लेअरिंगमध्ये, म्हणजे नळीचे तोंड शंकूसारखे रुंदावण्यात आहे. नळी करवतीने न कापता पाइप कटरने कापावी. कडेची धार काढताना तोंड खाली धरावे, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. सांधा आवळणारा नट तोंड रुंदावण्याआधीच नळीवर ओवावा लागतो; नवखा माणूस नेमके हेच विसरतो. सांधा धातूवर धातू दाबून बंद होत असल्याने त्यावर टेफ्लॉन टेप लावू नये. सांधा एका पान्याने धरून नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्याने, आवळतात. पाव इंची नळीसाठी साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून जास्त जोर दिल्यास तांबे चिरते.

यानंतर नळ्यांतील हवा व्हॅक्युम पंपाने काढतात. बाहेरच्या भागातील थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची सवय आपल्याकडे अजून दिसते, पण ती सोडलीच पाहिजे, कारण त्याने नळीतला ओलावा पूर्ण निघत नाही. आर-४१०ए आणि आर-३२ या शीतकांबरोबर संपीडकात वापरले जाणारे पॉलिओल एस्टर तेल ओलावा शोषून घेते आणि पुढे त्यातून आम्ल तयार होऊन संपीडक झिजतो. दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे येथे अतिशय कमी दाब मोजण्याचे एकक आहे) उतरला की नळीतील पाणी सामान्य तापमानातही उकळून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या दाबमापकावर इतका सूक्ष्म फरक दिसत नाही, त्यासाठी मायक्रॉन मापक लागतो. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून स्थिरावला, तर ओलावा उरला आहे. चढतच राहिला, तर सांधा गळतो आहे.

बाहेरच्या भागात ठरावीक लांबीच्या नळीपुरता गॅस भरलेलाच असतो. नळी त्याहून लांब असल्यास जादा गॅस, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, वजनकाट्यावर मोजून घालावा. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि त्याचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे १.६ पट असल्याने जुने मापक व होज (गॅसच्या लवचीक नळ्या) त्यासाठी वापरू नयेत.

दीड टनी यंत्राला अर्थिंगसह स्वतंत्र वीजवाहिनी द्यावी लागते. हे काम परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच करून घ्यावे. शीतक हाताळण्यासाठी अमेरिकेत कायद्याने प्रमाणपत्र आवश्यक असल्यामुळे तेथे घरी बसवण्यासाठी आधीच गॅस भरलेल्या, झटपट जोडता येणाऱ्या नळ्यांची यंत्रे विकली जातात. त्यांत फ्लेअरिंग आणि व्हॅक्युम दोन्ही टळतात. भारतात अधिकृत तंत्रज्ञाकडून जोडणी न केल्यास उत्पादकाची हमी नाकारली जाऊ शकते, हे पेटी उघडण्यापूर्वीच हमीपत्रात पाहून घ्यावे.