पोपटाच्या पिलाला हार्नेसची सवय : सक्तीविना शिकवण्यामागचे विज्ञान

पाळीव पोपटाला मोकळ्या हवेत आणि उन्हात नेता यावे, आणि तो उडून हरवूही नये, यासाठी हार्नेस वापरतात. एक पट्टा गळ्याभोवती, दुसरा पंखांखालून धडाभोवती आणि त्यांना जोडलेली लवचीक दोरी, अशी त्याची साधी रचना असते. दोरी थेट पायाला बांधण्याचा पर्याय कोणी सुचवल्यास तो नाकारावा, कारण पोपट दचकून वेगाने उडाला की सगळा झटका एकट्या पायावर येतो आणि पायाचे बारीक हाड मोडू शकते. हार्नेसमध्ये हाच झटका धडावर विभागला जातो. मात्र हार्नेस अंगावर चढवणे वेगळे आणि पोपटाने तो स्वीकारणे वेगळे. चढवण्याचे काम दोन माणसे टॉवेलात पक्षी गुंडाळून मिनिटभरात उरकू शकतात. ते तसे कधीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पोपटाच्या शरीरातही आहेत आणि मेंदूतही.

पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते. त्यांची फुप्फुसे जवळजवळ ताठ असतात, आणि हवा आतबाहेर खेळवण्याचे काम फुप्फुसांना जोडलेल्या पातळ हवापिशव्या भात्याप्रमाणे करतात. हा भाता उरोस्थी (छातीचे मधले हाड) आणि बरगड्या यांच्या हालचालीवर चालतो : श्वास घेताना उरोस्थी पुढे आणि खाली सरकते, सोडताना मागे येते. म्हणूनच घाबरलेल्या पोपटाची छाती मुठीत आवळली गेली, तर नाकपुड्या आणि चोच मोकळी असूनही तो गुदमरू शकतो. घट्ट बसलेल्या पट्ट्याचाही हाच धोका असतो. हार्नेस घातल्यावर पोपटाची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली हलू लागली किंवा त्याने चोच उघडी ठेवली, तर श्वासाला त्रास होत आहे असे समजून पट्टा ताबडतोब सोडवावा.

पिसांची संवेदनाही लक्षात घ्यायला हवी. मोठ्या पिसांच्या मुळाशी केसांसारखी बारीक पिसे असतात आणि त्यांच्या तळाशी स्पर्श व कंपने टिपणारी चेताग्रे असतात. एखादे पीस जरासे विस्कटले तरी पक्ष्याला ते कळते आणि तो चोचीने ते जागेवर बसवतो. धडाभोवतीचा पट्टा एकाच वेळी कितीतरी पिसे हलवतो, त्यामुळे सुरुवातीला पोपट पट्टा चावतो, ओढतो, त्यात चोच खुपसतो, याला हट्टीपणा समजू नये. पिसे झडून नवी येण्याच्या काळात तर उगवत्या पिसांत रक्तपुरवठा चालू असतो आणि त्यांवर दाब आला की दुखते; त्या काळात सराव थांबवणेच योग्य.

पोपट हा शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य ठरणारा जीव आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचा फार मोठा भाग एकाच वेळी दिसतो, आणि वरून अंगावर येणारी कोणतीही वस्तू त्याला धोक्याची वाटते. गळ्याच्या पट्ट्याचा फास हातात धरून तो वरून डोक्यात घालणे ही नेमकी अशीच हालचाल आहे. त्यातच, भीतीचा एकच तीव्र अनुभव वर्षानुवर्षे मनात राहू शकतो. घरटे सोडल्यानंतरच्या काळात मात्र पिल्लू पालकांच्या सोबतीने काय खावे, कशाला भ्यावे हे शिकत असते आणि नव्या वस्तूंकडे प्रौढ पक्ष्यापेक्षा कमी संशयाने पाहते. बजरीगर हा छोटा पोपट सुमारे पाच आठवड्यांचा असताना, तर आफ्रिकी करडा पोपट साधारण दहा ते बारा आठवड्यांचा असताना घरटे सोडतो. पिल्लू नीट उडायला आणि हव्या त्या जागी उतरायला शिकले, की त्यानंतरचे आठवडे हार्नेसची ओळख करून देण्यास सर्वांत चांगले. प्रौढ पोपटही शिकतो, फक्त त्याला अधिक वेळ द्यावा लागतो.

भीती घालवण्याचा जो मार्ग येथे उपयोगी पडतो, तो माणसाच्या मुलावर फार पूर्वी वापरला गेला आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहान मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. हा मुलगा सशाला घाबरत असे. त्याला आवडता खाऊ देत असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला जाई आणि त्याची तक्रार नसेल तेवढाच जवळ आणला जाई. हळूहळू तो सशाला हात लावू लागला. हार्नेसचेही तसेच करावे. आधी तो पिल्लाला दिसेल पण त्याला ताणल्यासारखे होणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा, तो दिसला की लगेच आवडता दाणा द्यावा आणि नजरेआड केला की दाणेही थांबवावेत. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दाणा आणि मग हार्नेस असे झाले, तर दाणाच भीतीची सूचना बनू शकतो.

यापुढची पायरी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांकडून शिकण्यासारखी आहे. १९४३ मध्ये मिनियापोलिस येथील एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर काम करत असताना स्किनर आणि त्यांचे सहकारी एका कबुतराला चोचीच्या फटक्याने लाकडी चेंडू ढकलायला शिकवू पाहत होते. कबुतर आपणहून फटका मारील याची वाट पाहून काहीच घडेना. मग त्यांनी चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा द्यायला सुरुवात केली, नंतर पुढे झुकल्याबद्दल, नंतर चोच लावल्याबद्दल. आणि काही मिनिटांतच कबुतर चेंडू भिंतींवर आपटू लागले.

गळ्याचा फास असाच शिकवता येतो. फास मोठा उघडून पोपटाच्या समोर, त्याच्या चोचीच्या उंचीवर स्थिर धरावा आणि दाणा फासाच्या पलीकडे ठेवावा. पिल्लू फासाकडे मान वळवते, मग चोच आत घालते, मग डोळ्यांपर्यंत डोके आत येते. पट्टा गालाच्या पिसांना लागताच ते बहुधा झटकन मागे जाते. या क्षणी फास त्याच्यामागे पुढे न्यायचा नाही, तो आहे तिथेच धरून ठेवायचा. डोके केव्हाही बाहेर काढता येते याची खात्री पटलेले पिल्लूच पुन्हा डोके आत घालते. माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणाचा गाभा याच क्षणात आहे. एक-दोन मिनिटांचा सराव दिवसातून दोनदा पुरतो, आणि पिल्लाची इच्छा शिल्लक असतानाच तो थांबवावा.

खरी अडचण डोक्याची नसते, पंखांची असते. पंख हे पोपटाचे पळून जाण्याचे साधन असल्यामुळे तो ते सहज कोणाच्या हाती देत नाही. म्हणून हार्नेस बाजूला ठेवून पंखांना बोट लावणे, पंख किंचित उचलणे, क्षणभर धरून सोडणे याचा स्वतंत्र सराव करावा आणि प्रत्येक वेळी दाणा द्यावा. बकलाचा खट् आवाजही दुरून, वेगळा ऐकवावा.

या सगळ्या काळात पिल्लाचे शरीर वाचता आले पाहिजे. पिसे अंगाशी चिकटवून सडपातळ होणे, मागे झुकणे, नेहमी आवडणारा दाणा नाकारणे ही भीतीची चिन्हे आहेत आणि ती दिसताच एक पायरी मागे यावे. सर्वांत फसवे चिन्ह म्हणजे थिजून राहणे. जबरदस्तीने हार्नेस घातलेला पोपट कधीकधी अगदी शांत बसतो आणि त्याने तो स्वीकारला असा समज होतो. पण ती शांतता हतबलतेचीही असू शकते. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की सुटका होत नाही असा अनुभव वारंवार आलेला प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडून देतो. स्वीकारणारा पोपट खातो, पिसे साफ करतो, इकडेतिकडे पाहतो, चालतो.

घरात हार्नेससह सहज वावरू लागल्यानंतरच दोरी जोडावी आणि बाहेर न्यावे. दोरीचे दुसरे टोक माणसाच्या हातात असावे, आणि हार्नेस घातलेल्या पोपटाला क्षणभरही एकटे सोडू नये. पोपटाची चोच कठीण कवच फोडण्यासाठी घडलेली आहे, म्हणून प्रत्येक वापराआधी पट्ट्यांची शिवण तपासावी. हार्नेस काढतानाही घाई करू नये. एक-एक पट्टा सैल करत दाणा द्यावा आणि पिल्लाने डोके स्वतःहून बाहेर काढेपर्यंत फास उघडा धरून थांबावे, कारण काढताना पिसे ओढली गेली तर पुढच्या वेळी ते त्या फासात डोके घालणार नाही.