महोत्सव रात्री दहाला का संपतो? गावोगावच्या कला महोत्सवांची पार्श्वभूमी

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत तीन ते पाच दिवसांचा एखादा कला महोत्सव असतो. पत्रिका कुठलीही उचला, साचा साधारण एकच: सकाळी सभागृहात चित्रपट, दुपारी एकांकिका किंवा नाटक, संध्याकाळी मैदानात गाणं, आणि रात्री दहाला समारोप. हा साचा रसिकांच्या आवडीतून आला असं अनेकांना वाटतं. कलाकारांनी सोयीसाठी तो पाडला, असंही कुणी म्हणतं. प्रत्यक्षात तो 2000 ते 2005 या काळात ठरला आणि त्यात सर्वांत मोठा हात ध्वनिक्षेपकाच्या नियमांचा होता.

त्याआधीचं थोडक्यात. संगीत, नाटक आणि पुढे सिनेमा हे तिन्ही एकाच मांडवात आणण्याचं श्रेय सार्वजनिक गणेशोत्सवाकडे जातं. त्याची सुरुवात 1892 ची की 1893 ची, हा वाद 2017 मध्ये शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुरेसा गाजला आहे, तो इथे उकरत नाही. मेळे (पदं गाणारे गट), कीर्तनं, व्याख्यानं, पोवाडे असा सुरुवातीचा मामला होता. मेळ्यांतली पदं राजकीय होऊ लागली तशी इंग्रज सरकारची नजर त्यांच्यावर बसली. स्वातंत्र्यानंतर मेळे ओसरले आणि त्यांच्या जागी वाद्यवृंद, नकला, बालनाट्यं आणि रस्त्यात पडदा बांधून दाखवलेले सिनेमे आले. पडदा रस्त्याच्या मधोमध असे, प्रेक्षक दोन्ही बाजूंना. मागच्या बाजूला बसलेल्यांना श्रेयनामावली उलटी दिसायची आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, कारण मागे गर्दी कमी आणि पाय पसरायला जागा जास्त.

शहराबाहेर हेच काम जत्रा-यात्रांनी केलं. तमाशाचे फड, तंबूतले टुरिंग टॉकीज, कोकणात दशावतार, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर सुरू होणारी झाडीपट्टीची नाटकं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे रात्र. दिवसभर शेतात राबणारा माणूस जेवणखाण आटोपून, घोंगडी घेऊन येणार, तोवर नऊ-साडेनऊ होणार. दशावताराला तर देवाची पालखी फिरून आल्याशिवाय तोंड फुटत नाही. टुरिंग टॉकीजच्या कापडी तंबूला अंधार पडल्याशिवाय चित्रच दिसत नाही. तमाशात गण, गौळण, बतावणी होऊन वग, म्हणजे तमाशातलं मुख्य कथानाट्य, उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटायची, आणि जाणता प्रेक्षक वगासाठीच बसलेला असायचा. संगीत नाटकांचंही पूर्वी तेच होतं. पदांना वन्समोअर मिळत गेले की प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचा.

शास्त्रीय संगीतात हीच रात्रभराची रीत पुण्याच्या ‘सवाई’ने, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाने, रुजवली. गायक सवाई गंधर्वांच्या निधनानंतर त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी 1953 मध्ये सुरू केलेला हा स्मृतिसमारोह अनेक वर्षं रात्ररात्र चालत असे. शेवटची मैफल रविवारी सकाळी, उन्हं वर आल्यावर संपायची. भारतीय बैठकीचं तिकीट काढायचं, सतरंजी टाकून जागा धरायची, शाल-कानटोपी, थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन बसायचं, अशी ती सवय. कोल्हापूर, सांगली, मिरजेपासून औरंगाबाद-नागपूरपर्यंत राज्यात पुढे जे संगीत समारोह उभे राहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी नकळत हाच नमुना समोर ठेवला.

या नमुन्यात कार्यक्रमाचा क्रम रागांच्या समयचक्राशी, म्हणजे कोणता राग कुठल्या वेळी गायचा या संकेताशी, बांधलेला होता. रात्री नऊला बसणारा उमेदीचा गायक यमन किंवा पूरिया कल्याण गायचा. मग बिहाग, बागेश्री. मध्यरात्रीनंतर दरबारी, अडाणा, मालकंस. पहाटे ललित, भटियार, आणि उजाडता उजाडता रामकली, भैरव, तोडी. सर्वांत ज्येष्ठ कलाकार सर्वांत शेवटी, म्हणून सकाळचे राग ज्येष्ठांच्या वाट्याला. एका पिढीच्या श्रोत्यांच्या कानात ललित म्हटलं की जे गाणं वाजतं, ते या रचनेमुळे.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम 14 फेब्रुवारी 2000 पासून लागू झाले. त्याआधीही लाउडस्पीकरला पोलिसांचा परवाना लागतच होता, पण ती बाब स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर होती आणि गाण्याच्या कार्यक्रमाला पहाटेपर्यंतची परवानगी मिळून जायची. नव्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. अपवाद बंदिस्त जागेचा, म्हणजे सभागृह, नाट्यगृह वगैरे. आवाजाच्या मर्यादाही ठरल्या. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्या भोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडणार होता. महोत्सवांची मैदानं बहुतेक शाळांचीच असल्यामुळे हे कलम आयोजकांना सर्वांत जास्त बोचलं.

ऑक्टोबर 2002 मध्ये एक दुरुस्ती आली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या निमित्ताने राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 10 ते 12 अशी सवलत देता येईल, असं तिने म्हटलं. मग 18 जुलै 2005 ला सर्वोच्च न्यायालयाचा तो गाजलेला निकाल आला. दिल्लीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार होत असताना शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत, या घटनेचा त्या याचिकेत आधार होता. ज्याला हा तपशील ठाऊक आहे, तो ‘गाण्याने कुणाचं काय बिघडतं’ असं सहज म्हणणार नाही. निकालाने दहाची मर्यादा पक्की केली. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला 15 दिवसांच्या सवलतीची तरतूदही न्यायालयाने वैध ठरवली, पण हा अधिकार राज्य सरकारने स्वतः वापरावा, खाली सोपवू नये, अशी अट घालून.

वादाची खरी जागा ही सवलतच आहे.

पंधरा दिवस म्हणजे वर्षातले सगळे मिळून पंधरा. गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस, नवरात्रातले दोन-तीन, शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद-ए-मिलाद, दिवाळी, नाताळ आणि 31 डिसेंबर, एवढ्यांत यादी संपत आलेली असते. एखाद-दुसरा दिवस स्थानिक गरजेसाठी राखून ठेवण्याची पद्धत बऱ्याच जिल्ह्यांत आहे, आणि त्या एका दिवसावर गावातल्या प्रत्येक आयोजकाचा डोळा असतो. तरतुदीत ‘सांस्कृतिक’ हा शब्द पहिला असूनही सांस्कृतिक कार्यक्रमाच्या वाट्याला उरलेसुरलेच दिवस येतात. पाच दिवसांच्या महोत्सवाला फार तर एक रात्र मिळते. ‘सवाई’लाही हल्ली साधारण शनिवारीच बारापर्यंतची मुभा असते.

संगीतवाल्यांचा युक्तिवाद असा होता की मोजायचं तर डेसिबल मोजा, घड्याळ कशाला? तंबोऱ्याच्या साथीने चाललेला विलंबित ख्याल आणि मिरवणुकीतली स्पीकरची भिंत यांना एकच कलम कसं लागू होतं? समोरून उत्तर असं की मैदानाभोवती राहणाऱ्या पेशंटला किंवा दहावीच्या मुलाला रात्री दोन वाजता मालकंसही नको असतो, आणि सवलत एकाला दिली की दुसरा रांगेत उभा राहतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही अंमलबजावणीचा इतिहास पाहिला तर पारडं कुणाकडे झुकलं ते लपत नाही. बैठकीच्या कार्यक्रमांनी दहाची मर्यादा मुकाट पाळली. मिरवणुकांबाबत मात्र न्यायालयांना पुन्हा पुन्हा बजावावं लागलं. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल देऊन यंत्रणेला फटकारलं. त्यानंतर वर्षभरात, ऑगस्ट 2017 मध्ये, केंद्राने नियम बदलून राज्याने घोषित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र मानला जाणार नाही, असं केलं. त्याचा फायदा कुणाला व्हावा या हेतूने ती दुरुस्ती आली, हे सांगायला ज्योतिषी नको. दहाची वेळ मात्र होती तिथेच राहिली.

मर्यादा प्रत्यक्षात कशी उतरली, हे पाहायला कुठल्याही मैदानात पावणेदहाला मंचाच्या कडेला उभं राहावं. ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळ हवालदार येऊन थांबलेला असतो. संयोजकांपैकी एक जण विंगेतून मनगटावर बोट ठेवून खूण करतो. गायक ती पाहतो, द्रुताची लय वाढवतो, तराणा दोन आवर्तनांत आटोपतो आणि षड्ज लावून थेट समारोपाच्या भैरवीला हात घालतो. नऊ अठ्ठावन्नला टाळ्या. त्यात जर आधीच्या कलाकाराने वीस मिनिटं जास्त घेतली असतील, तर शेवटच्या ज्येष्ठाच्या वाट्याला पस्तीस मिनिटं येतात.

रागांचंही गणित फिरलं. कार्यक्रम दुपारी तीन-चारला सुरू होऊ लागले. दरबारी ऐकायचाच असेल तर तो साडेआठला ऐकावा लागतो, घड्याळात संध्याकाळ आणि गाण्यात मध्यरात्र. पहाटेचे राग मैदानातून जवळजवळ गेले. काही आयोजकांनी सकाळचं सत्र जोडलं, दिवाळी पहाट नावाच्या प्रकाराने थोडी कसर भरून काढली, पण तिथे भावगीतांचा वाटा मोठा. दुसऱ्या बाजूने एक लाभ झाला, त्याची नोंद सहसा कुणी घेत नाही. मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती, गौड सारंग हे दुपारचे राग पूर्वी मोठ्या मैफलीत क्वचितच कानावर पडत, कारण त्या वेळेला मैफलच नसे. आता पहिल्या सत्रात ते हमखास असतात.

नाटकाला शहरात फार तोशीस पडली नाही, नाट्यगृह बंदिस्त असल्यामुळे. मार खाल्ला तो उघड्यावरच्या नाटकाने. तमाशाचा वग कापला गेला, काही फडांत गण-गौळणीनंतर थेट सिनेमाची गाणी सुरू झाली, आणि लोककलेला वेळेची सूट द्या ही फडमालकांची मागणी तेव्हापासून चालूच आहे. दशावतार आणि झाडीपट्टी तगली, पण ती नियमामुळे नव्हे. दूरच्या गावात नियम किती काटेकोर लावायचा, हे शेवटी ठाणेदार पाहतो.

शहरी महोत्सवात सिनेमा आला तो या सगळ्याच्या नंतर आणि वेगळ्या वाटेने. चित्रपट मंडळांची चळवळ साठ-सत्तरच्या दशकांतली. मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1952 मध्येच झाला होता, पुण्याचा स्वतःचा 2002 पासून. पण गावच्या महोत्सवाच्या पत्रिकेत चित्रपट हा कायमचा रकाना झाला तो डिजिटल प्रोजेक्टर स्वस्त झाल्यावर. पस्तीस मिलिमीटरची रिळं पेट्यांतून आणणं आणि ती चालवणारा माणूस शोधणं संपलं. शिवाय चित्रपट सभागृहात दाखवायचा, म्हणजे दहाची भानगड नाही. संयोजकांच्या दृष्टीने तो वेळापत्रकातला सर्वांत बिनधोक कार्यक्रम ठरला.

बिनधोक म्हणजे कागदपत्रांतून सुटका नव्हे. तीन कला म्हणजे तीन खिडक्या. गाण्याला ध्वनिक्षेपकाचा परवाना आणि जागामालकाचं ना हरकत पत्र. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेचं प्रमाणपत्र, ज्याला एकांकिका करणारी मुलं ‘सेन्सॉर’ एवढंच म्हणतात. चित्रपटाला 1952 च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र, आणि ते नसलेला परदेशी किंवा नवा चित्रपट दाखवायचा असेल तर केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याकडून महोत्सवापुरती सूट. त्यावर वाहतूक, अग्निशमन, तात्पुरत्या मांडवाची परवानगी वेगळीच.

2018 मध्ये ‘सवाई’ने शनिवार पेठेतलं शाळेचं मैदान सोडून मुकुंदनगरला मुक्काम हलवला. 2020 आणि 2021 हे डिसेंबर महासाथीत गेले. 2022 पासून सगळीकडे पुन्हा मांडव पडले, पण रात्र परतली नाही. ज्यांना ती हवीच होती, त्यांनी ती सभागृहात नेली. रात्रभराच्या मैफली आता बंद दारांआड, सहाशे-आठशे खुर्च्यांपुढे होतात. मैदानात त्याच गाण्याला त्याच्या कितीतरी पट श्रोता बसायचा आणि त्यातला बराचसा सर्वांत स्वस्त तिकिटाचा असायचा. सभागृहाच्या भाड्यात तसं तिकीट ठेवणं परवडत नाही. अनुभवी आयोजक म्हणून दरवर्षी जिल्ह्याची सवलतीच्या दिवसांची यादी लागण्याआधीच अर्ज देऊन ठेवतात, आणि यादी लागेपर्यंत पत्रिकेत शनिवारच्या शेवटच्या कलाकाराची वेळ छापत नाहीत.