किचनमध्ये पाय ठेवायचाच नाही? असं काही नाहीये!

पिकलबॉल (टेनिससारखा, पण पॅडलने खेळायचा खेळ) नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच की नेटजवळच्या ७ फुटांच्या पट्ट्यात, म्हणजे किचनमध्ये, पाय ठेवला की फॉल्ट. हे चूक आहे, आणि यामुळे डबल्समध्ये किती पॉइंट फुकट जातात! समोरचा हळूच डिंक, म्हणजे नेटच्या जेमतेम पलीकडे पडेल असा अलगद फटका, टाकतो, बॉल किचनमध्ये टप्पा खातो आणि आपले दोघं पार्टनर रेषेमागे नुसते बघत उभे.

नियम एवढाच आहे की किचनमध्ये असताना बॉल वरच्यावर, टप्पा न पडता मारायचा नाही. टप्पा पडला की बिनधास्त आत जा आणि मारा, टप्प्याआधीच आत जाऊन थांबलात तरी चालतं.

खरी गोची वेगळीच आहे, जी कोणी सांगत नाही. बाहेरून व्हॉली, म्हणजे टप्पा न पडता वरच्यावर फटका, मारली आणि त्याच झोकात पाय किचनच्या रेषेला जरी लागला तरी फॉल्ट, कारण रेषा किचनमध्येच धरतात, आणि तोवर पॉइंट संपलेला असला तरी सुटका नाही. पॅडल हातातून निसटून आत पडलं तरी तेच.

म्हणून आत जाऊन मारलंत की लगेच मागे या, दोन्ही पाय बाहेर टेकले की मगच पुढची व्हॉली.