कॅटमाई किनाऱ्यावरील शिंपले-डबाबंदी

अलास्का द्वीपकल्पाच्या आग्नेय बाजूस, कोडिॲक बेटासमोर शेलिकॉफ सामुद्रधुनीवर वसलेल्या कॅटमाई किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चाललेला धंदा. तो पॅसिफिक रेझर शिंपला (शा. नाव सिलिक्वा पॅट्युला) या एकाच द्विपुट (दोन शिंपांच्या कवचाच्या) जातीवर उभा होता. कवच लांबट, तपकिरी, मिटलेल्या वस्तऱ्यासारखे.

या धंद्याचे मूळ अलास्कातले नाही. रेझर शिंपल्यांची डबाबंदी १८९४ च्या सुमारास ऑरेगनमधील स्किपॅनन येथे पी. एफ. हॅल्फर्टी यांनी सुरू केली, असे सामान्यतः मानतात. तेथून ती वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर आणि १९१६ च्या सुमारास अलास्कातील कॉर्डोव्हाला पोचली. कॅटमाईवरील कूकॅक उपसागरातील कारखाना त्यानंतरचा, बहुधा १९२३ चा. १९१२ च्या नोव्हारुप्टा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर कॅटमाई व डग्लस या गावांतील रहिवासी पेरीव्हिल या नव्या गावी हलवले गेले होते. साहजिकच मजूर, डबे, रसद सारे बोटीने आणावे लागे.

खणण्याचे काम उधाणाच्या मोठ्या ओहोटीवर अवलंबून. ओल्या वाळूत पडलेली बारीक खळी हेरून तिच्या समुद्राकडील अंगाला अरुंद फावडे घालायचे आणि हात खुपसायचा. उशीर झाला तर शिंपला पायाच्या जोरावर खाली सटकतो; घाई केली तर ठिसूळ कवच फुटून बोटे कापतात. (याच किनाऱ्यावरील तपकिरी अस्वलेही ओहोटीला शिंपले उकरतात, आणि त्यांचे कसब माणसाहून कमी नाही.) कारखान्यात कढत पाण्याने कवचे उघडत. मग निनालाचे (पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळीचे) टोक छाटायचे, मांस चिरून काळसर पोट काढायचे, रेती धुऊन बारीक तुकडे डब्यांत भरायचे. रेती राहिली तर सारी मेहनत फुकट.

अलास्कातील शिंपलाधंद्याच्या ऱ्हासाचे खापर लोकप्रिय लेखनात १९६४ च्या भूकंपावर फोडले जाते. कॉर्डोव्हा परिसरात जमीन सुमारे दोन मीटर उचलली गेली व शिंपल्यांचे थर कोरडे पडले, हे खरे. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वस्त शिंपल्यांच्या स्पर्धेमुळे कॉर्डोव्हातील उत्पादन त्याआधीच घटले होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅटमाईला तर भूकंपाचे कारण लागूच पडत नाही: कूकॅकचा कारखाना १९३० च्या दशकातच बंद पडला व पुढे थोडा काळच पुन्हा चालला. १९३१ मध्ये कॅटमाई राष्ट्रीय स्मारकाची हद्द वाढून हा किनारा संरक्षित क्षेत्रात आला. पुढील काळात याच किनाऱ्यावरील स्विकशॅकच्या पुळणीवरचे बरेच शिंपले डंजनेस खेकड्यांसाठी आमिष म्हणून खपले.