तपासणी आधी आली, सांगणं मागाहून

हालचालींतून माणूस तपासायची, म्हणजे किनेसिऑलॉजीतली, आजची पद्धत रुळली ती पोलिओमुळे. १९१२ च्या सुमारास बोस्टनमध्ये हाडांचे डॉक्टर रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांच्यापुढे प्रश्न होता, पोलिओ झालेल्या मुलाच्या पायात ताकद किती उरली आहे हे ठरवायचं कशावरून? त्यांनी माप म्हणून गुरुत्वाकर्षणच धरलं. पुढे १९४३ मध्ये, युद्धात नसांना इजा झालेल्यांसाठी, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्नायूंच्या ताकदीची ० ते ५ अशी श्रेणी छापली. ती आजही चालते.

टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवायचं आणि गुडघा सरळ करायला सांगायचं. पाय पूर्ण वर गेला, पण वरून जरासा दाब देताच टिकला नाही, तर ३. बसून उचलता येत नाही, पण कुशीवर झोपवल्यावर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलावा लागत नाही तेव्हा, सरळ होतो, तर २. हालचाल काहीच नाही, फक्त स्नायू आकसल्याचं बोटांना जाणवतं, तर १. इतकं साधं आणि इतकं नेमकं. अडचण आहे ती ४ ची. थोडा दाब सोसणारा आणि जवळजवळ धडधाकट, दोघेही त्यातच बसतात.

मोजण्याची घडी अशी लवकर बसली. मोजलेलं समोरच्याला कसं सांगायचं, याचा विचार मात्र फार उशिरा झाला, आणि माणसांना त्याचा खरा त्रास झाला.

१९६४ मध्ये अमेरिकेतले कायरोप्रॅक्टर (हातांनी मणके बसवून उपचार करणारे) जॉर्ज गुडहार्ट यांनी ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ मांडली. दंड दाबल्यावर खाली गेला, तर त्यावरून आतल्या एखाद्या अवयवात बिघाड असल्याचं सांगितलं जाऊ लागलं. तपासणाऱ्याला काहीच कळू न देता घेतलेल्या चाचण्यांत हे अंदाज नाणेफेकीपलीकडे गेले नाहीत. नाव सारखं असल्यामुळे लोक आजही ही आणि खरी किनेसिऑलॉजी यांत गल्लत करतात.

नंतर एमआरआय आला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे मणके पाहिले. ५२ टक्क्यांत किमान एक गादी फुगलेली दिसली. म्हणजे चित्रात दिसतं तेच दुखण्याचं कारण असेल असं नाही. पण ‘गादी सरकलीय’ हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस वाकायलाच घाबरतो. माझ्या मते तपासणीतली सगळ्यात मोठी इजा इथे होते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने या सांगण्याला कायद्याची चौकट दिली. तिथे १९९१ च्या कायद्याने रोग्याला निदान सांगणं हे नियंत्रित काम, म्हणजे अधिकार असलेल्यांनीच करायचं काम, ठरवलं. किनेसिऑलॉजिस्टसाठी २००७ मध्ये वेगळा कायदा झाला, २०१३ पासून त्यांची नोंदणीही सुरू झाली, पण निदान सांगायचा अधिकार त्यांना मिळाला नाही. ‘उजव्या पायावर उभे राहता तेव्हा तुमची कंबर डावीकडे खाली जाते, उजव्या कुल्ह्याचा स्नायू तिला पेलत नाहीये,’ असं ते सांगतात, आरशात दाखवतात. आजाराचं नाव मात्र डॉक्टर घेतात.